बागेतल्या सिमेंटच्या पुतळ्यांचा रंग दर पावसाळ्यानंतर सुटतो: काय तपासायचं, कोणत्या क्रमाने

आधी लक्षणं. तुमच्या परसबागेतल्या बगळ्याला, हरणाला, वारकऱ्याच्या जोडीला किंवा तुळशीवृंदावनाला यातलं काही होतंय का ते बघा.

- रंगाचे पोपडे निघतात. पायथ्याशी, जमिनीपासून वीत-दीड वीत उंचीपर्यंत, ते सगळ्यात जास्त असतात.
- रंगाला फुगे येतात. फुगा नखाने फोडला की आत ओल लागते किंवा पापुद्र्याची मागची बाजू बुळबुळीत, साबणासारखी चिकट असते.
- पोपड्याच्या मागे किंवा थेट सिमेंटवर पांढरी, कापसासारखी भुकटी जमते. गवंडी तिला लोणा म्हणतात.
- पाय, शिंग, चोच, काठी अशा बारीक भागांवर लांबीच्या दिशेने सरळ चीर पडते आणि तिच्यातून तांबूस ओघळ येतो.
- नाकाचा शेंडा, बोटं, कानाच्या कडा चुरा होऊन गळतात.
- पुतळा कलतो. उन्हाळ्यात एका बाजूला, पावसाळ्यात थोडा सरळ, पुढच्या उन्हाळ्यात आणखी कललेला.

पहिली तीन लक्षणं पाण्याची आहेत, चौथं लोखंडाचं, सहावं जमिनीचं. पाचवं पाण्यामुळेही होतं आणि मूळ माल कच्चा असल्यामुळेही.

बंगल्यांच्या बागा सांभाळण्याच्या कामात हा दोष मी सतत दुरुस्त करत आलो आहे. जवळजवळ प्रत्येक घरी गोष्ट एकच असते. दिवाळीला रंगवलं, पुढच्या गणपतीपर्यंत पोपडे. मग दुसऱ्या कंपनीचा रंग, त्याहून महाग डबा, आणि पुन्हा तेच. रंग सुटतो तो रंग वाईट म्हणून क्वचितच. पुतळ्याच्या आत पाणी असतं, ते बाहेर पडताना वाटेत आलेला रंग ढकलून देतं. म्हणून डबा विकत घेण्याआधी पाणी कुठून आत जातंय ते शोधायचं. खालचा सगळा क्रम त्यासाठीच आहे, आणि पहिल्या चार-पाच तपासण्यांना जवळपास काहीच खर्च येत नाही.

पुतळा नक्की कशाचा आहे?

हे न बघता पुढे जाऊ नका, कारण पुढचं बहुतेक सगळं सिमेंटसाठी आहे. रस्त्याच्या कडेला रंगवलेले पुतळे मांडून ठेवतात, त्यांत सिमेंट, फायबर आणि प्लास्टर ऑफ पॅरिस तिन्ही शेजारी शेजारी उभे असतात आणि रंगाखाली एकसारखे दिसतात.

तळाशी जिथे रंग नसतो तिथे बघा. राखाडी, खरबरीत, उचलायला जड ते सिमेंट. आतून काचेचे धागे दिसतात, हलकं आहे, टिचकी मारली की डब्यासारखा आवाज येतो ते फायबर. पांढरंशुभ्र, नखाने ओरखडा उठतो, बोटाला पीठ लागतं ते प्लास्टर ऑफ पॅरिस. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे घट्ट झालेला जिप्सम. तो पाण्यात थोडा थोडा विरघळतोच. कितीही रंग मारा, बाहेरच्या पावसात तो टिकणार नाही. असा पुतळा पोर्चमध्ये किंवा छताखाली न्या, त्याला दुसरा उपाय नाही.

फायबरचा त्रास वेगळा. त्याला लोणा येत नाही. उन्हाने वरचा थर पांढुरका पडतो, हाताला पूड लागते आणि बारीक जाळीदार रेघा दिसतात. तो पॉलिश पेपरने घासून, कोरडा पुसून पुन्हा रंगवता येतो. वाऱ्याने पडू नये म्हणून आत वाळूची पिशवी ठेवा.

दगडी पुतळा असेल तर मुळात रंगवूच नका. आपला काळा पाषाण पाऊस सहज सोसतो. जांभाही उघड्यावर टिकतो: गोव्यात लोटलीला संत मीराबाईचं जे प्रचंड शिल्प १९९४ साली कोरलं, ते जांभ्याचंच आहे आणि उघड्या आकाशाखाली आहे. दगडावर रंग चढवला की मात्र सिमेंटसारखीच पोपड्यांची कटकट विकत घेतो आपण.

सिमेंटमध्ये काय घडतं

सिमेंटचा पुतळा वरून घट्ट दिसला तरी आतून असंख्य बारीक छिद्रांचा असतो. या छिद्रांतून पाणी खालून वर चढतं, कुठल्याही पंपाशिवाय. चढताना मातीतले, बोअरच्या पाण्यातले आणि सिमेंटमधलेच क्षार विरघळवून घेतं. पृष्ठभागाशी आलं की पाणी उडून जातं, क्षार तिथेच राहतात आणि त्यांचे स्फटिक वाढू लागतात. हे स्फटिक रंगाच्या मागे वाढले तर रंग उचलला जातो. सिमेंटच्या वरच्या थरात वाढले तर नाक आणि बोटं चुरा होऊन पडतात.

दुसरी गोष्ट ऑइल पेंटची. ताजं सिमेंट अत्यंत अल्कधर्मी असतं, सामू (पीएच) १२-१३ च्या घरात. ओल असताना त्यावर तेलाचा रंग बसला की अल्क आणि तेल यांची क्रिया होऊन अक्षरशः साबण तयार होतो. पापुद्र्याची मागची बाजू बुळबुळीत लागते ती त्यामुळे. नवा पुतळा आणून आठवड्याभरात चकचकीत ऑइल पेंट मारला की हे ठरलेलं आहे. विक्रेते बहुतेक वेळा तोच मारून देतात, कारण दुकानासमोर तो उठून दिसतो.

तपासणी १: पोपडे कुठे आहेत, ते नीट बघा

खर्च नाही. सकाळच्या तिरप्या उन्हात पुतळ्याभोवती एक फेरी मारा आणि मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा. पोपडे फक्त खाली असतील तर पाणी जमिनीतून येतंय. डोक्यावर, खांद्यावर, ओंजळीत किंवा मांडीवर, म्हणजे जिथे पाणी साचतं तिथे असतील तर वरून. दोन्ही कुशींवर सरळ उभ्या रेषेत असतील तर साच्याच्या जोडातून. सिमेंटचे बरेच पुतळे दोन अर्ध्या साच्यांत ओतून मग जोडलेले असतात. सगळीकडे सारखे असतील तर ओल्या किंवा कोवळ्या सिमेंटवर रंग चढलाय.

एवढं एक निरीक्षण नीट केलं तर पुढच्या निम्म्या तपासण्या वाचतात.

तपासणी २: पाणी कोण घालतंय

झाडांना पाइपने पाणी घालताना पुतळाही रोज धुतला जातो का? स्प्रिंकलरचा फवारा त्याच्यावर येतो का? छपराच्या पागोळ्या नेमक्या त्याच्या डोक्यावर पडतात का? एसीची नळी जवळ सोडली आहे का? बोअरचं पाणी जड असेल तर या रोजच्या भिजण्यातूनच पांढरे थर चढतात. स्प्रिंकलरचं तोंड फिरवा, पुतळा पागोळ्यांच्या रेषेतून फूटभर आत-बाहेर सरकवा. एवढ्यावर दोष थांबलेली उदाहरणं बरीच आहेत.

खतही बघा. पुतळ्याच्या पायाशी कुंड्या आणि वाफा असेल तर रासायनिक खत थेट बैठकीला लागतं. अमोनियम सल्फेटसारखी खतं सिमेंटला खातात. पुतळ्याभोवती हातभर जागेत खत टाकू नका.

तपासणी ३: माती, पालापाचोळा आणि हिरवळ

ही मला सर्वात महत्त्वाची वाटते आणि लोक सर्वात कमी वेळा करतात. बागेत दरवर्षी शेणखत, लाल माती, नारळाचा भुसा पडत जातो आणि जमिनीची पातळी वर येते. चौथऱ्यावर ठेवलेला पुतळा काही वर्षांत घोट्यापर्यंत मातीत गेलेला असतो, आणि हे रोज पाहणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. खुरप्याने भोवतालची माती उकरून बघा. मूळ बैठकीची कड मातीखाली सापडली तर दोष सापडला. माती बैठकीच्या कडेपासून चार बोटं खाली येईल इतकी काढा आणि त्या जागी वीतभर रुंदीचा खडीचा पट्टा भरा. पावसाचं पाणी मातीवर आपटून उडतं तेव्हा चिखलाचे शिंतोडे पुतळ्याला बसतात. खडीने तेही थांबतं.

तपासणी ४: प्लास्टिक रात्रभर

पुतळा कोरडा दिसतो म्हणजे कोरडा असतोच असं नाही. पाठीकडचा किंवा बैठकीचा त्यातल्या त्यात सपाट भाग निवडा, तिथला रंग खरवडा, पारदर्शक प्लास्टिकचा हातभर तुकडा लावून कडा चिकटपट्टीने पूर्ण बंद करा. संध्याकाळी लावा, दुसऱ्या दिवशी सकाळी उघडा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब जमले किंवा त्याखालचं सिमेंट भोवतालपेक्षा गडद दिसलं तर आत ओल आहे आणि रंगकाम पुढे ढकलायचं. एकदा पायथ्याशी आणि एकदा छातीच्या उंचीवर असं दोनदा करा. खाली थेंब आणि वर कोरडं, म्हणजे पाणी जमिनीतूनच चढतंय याचा पुरावा मिळाला.

तपासणी ५: पांढरी भुकटी

ती आधी कोरड्या ब्रशने झाडून कागदावर घ्या. पाण्याने धुवू नका. यातले बरेच क्षार पाण्यात विरघळतात, सिमेंटमध्ये परत शिरतात आणि वाळल्यावर पुन्हा बाहेर येतात. म्हणून धुतल्यावर दोन दिवस पुतळा स्वच्छ दिसतो आणि मग लोणा पूर्वीपेक्षा जोरात येतो.

कागदावरच्या भुकटीवर स्वयंपाकघरातला व्हिनेगरचा थेंब टाका. फसफसलं तर तो कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे सिमेंटमधलाच चुना बाहेर येऊन हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळालेला. नव्या पुतळ्यात हे होतं आणि कालांतराने आपोआप कमी होतं. फसफसलं नाही आणि भुकटी साध्या पाण्यात विरघळून गेली तर क्षार बहुधा मातीतून, पाण्यातून किंवा न धुतलेल्या वाळूतून येताहेत. मातीशी संबंध तोडल्याशिवाय ते थांबणार नाहीत. व्हिनेगर कागदावरच्या भुकटीवर टाकायचंय, पुतळ्यावर नाही. संगमरवर असेल तर त्याच्या जवळही नेऊ नका, डाग कायमचा पडतो.

बाथरूमचं ॲसिड वापरून लोणा काढायचा सल्ला सर्रास दिला जातो. ते हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ते वरचं सिमेंट खातं, आणि मागे राहिलेलं क्लोराइड आतल्या लोखंडाला गंजवतं. लोणा जातो आणि दोन पावसाळ्यांनी पाय फुटतो.

तपासणी ६: नाण्याने वाजवून बघा

रुपयाच्या नाण्याने पुतळा हळूहळू सगळीकडे वाजवा. खणखणीत आवाज म्हणजे थर धरून आहे. भद्द आवाज आला तर तिथला गिलावा आतून सुटलाय. खडूने त्या जागेभोवती गोल करा. अशा जागी रंग मारणं म्हणजे पडणाऱ्या पापुद्र्यावर पैसे घालणं. सुटलेला भाग पटाशीने काढून नव्याने भरावा लागेल.

पुतळा पोकळ असेल तर आणखी एक गोष्ट. जोडातून आणि वरच्या चिरांतून आत गेलेलं पाणी बाहेर पडायला खाली वाट नसते. पोटात साठलेलं ते पाणी पावसाळा संपल्यावरही महिनोन्महिने झिरपत राहतं. बैठकीच्या सर्वात खालच्या जागी, मागच्या बाजूला, ८-१० मिलिमीटरचं भोक ड्रिलने पाडा. ड्रिल हलक्या हाताने चालवा, हॅमर मोड बंद ठेवून, नाहीतर पातळ कवच तडकतं. भोक पाडल्याबरोबर तपकिरी पाण्याची धार लागलेली मी बघितली आहे, तीही भर जानेवारीत. भोकाला बारीक जाळी लावा म्हणजे मुंग्या आत घर करणार नाहीत.

ओंजळ, कमळ, पक्ष्यांचं पाणपात्र अशा खोलगट भागांत पाणी साचत असेल तर उताराला छोटी खाच द्या. पाणपात्र मुद्दाम भरत असाल तर आठवड्यातून एकदा तरी पूर्ण रिकामं करून घासा. डेंगीचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात साधारण आठ-दहा दिवसांत अंड्यापासून उडण्याइतका वाढतो, आणि त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत.

तुळशीवृंदावनाचं वेगळं

वृंदावनाला रोज आतून पाणी मिळतं. माती भरलेली, वर तांब्याने पाणी, आणि चारी भिंती सिमेंटच्या. बाहेरून कितीही भारी रंग लावा, आतलं पाणी भिंतीतून बाहेर येणार आणि रंग घेऊन जाणार. इथे उपाय आतून करायचा. रोप मुळांच्या मातीसकट काढा (चातुर्मास आणि तुळशीचं लग्न झाल्यावर, सहसा माघात, घरच्यांना विचारून), माती रिकामी करा, तळाचं निचऱ्याचं भोक मोकळं आहे का बघा. ते बहुतेक वेळा बुजलेलं असतं किंवा पाडलेलंच नसतं. आतल्या भिंती कोरड्या झाल्यावर सिमेंटमध्ये कालवायच्या पॉलिमर वॉटरप्रूफिंगचे दोन हात आतून द्या, वाळू द्या, तळाला विटांचे तुकडे आणि खडी, मग माती. हे कष्ट नको असतील तर वृंदावनाच्या आत बसेल अशी प्लास्टिकची कुंडी ठेवा आणि तुळस कुंडीत लावा. बाहेरून काही कळत नाही.

आणि इथे एक जुनी रीत खरोखर शहाणपणाची आहे. चुना आणि गेरू. चुन्याचा थर ओल अडवत नाही, तिला बाहेर जाऊ देतो. म्हणून तो झिजतो, पावसात फिका पडतो, पण त्याचे पोपडे निघत नाहीत. तुळशीच्या लग्नाआधी वृंदावन सजवायचंच असतं, तेव्हा चुना-गेरू लावा, वर पांढरी नक्षी काढा. ऑइल पेंटची घाई करू नका. खरं तर रंग सुटण्याचं अर्धं कारण या मुहूर्तातच आहे: मोसमी पाऊस आपल्याकडून ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात परततो आणि आपण त्याच महिन्यात, दसरा-दिवाळीच्या तोंडावर, चार महिने भिजलेल्या सिमेंटवर रंग चढवतो.

तपासणी ७: बैठक आणि जमीन यांच्यामधला संबंध

इथून पुढे माणसं आणि थोडा खर्च लागतो. तपासणी ३ करूनही पायथ्याचे पोपडे थांबले नसतील तर पुतळा उचलून खालून पाणी तोडावं लागेल. सिमेंट-वाळूच्या घन मीटरभर मालाचं वजन दोन टनांच्या पुढे जातं, त्यामुळे कमरेएवढा भरीव पुतळासुद्धा दोघांना पेलत नाही. तो मान, हात किंवा चोच धरून कधीच उचलायचा नाही; बैठकीखाली पहार घालून, फळीवर घेऊन सरकवायचा.

खालची जागा सपाट करा, खडीचा तीन-चार इंच थर द्या, त्यावर जाड प्लास्टिक किंवा डांबरी फेल्ट, आणि त्यावर ग्रॅनाइटचे टाकाऊ तुकडे तीन ठिकाणी. पुतळा या तुकड्यांवर बसला की त्याच्या आणि जमिनीच्या मधे अर्धा-पाऊण इंच हवा राहते. पाणी मातीतून चढायला सलग माध्यम लागतं; हवेची फट आली की वाट संपली. शहाबाद फरशीपेक्षा ग्रॅनाइट बरा, तो पाणी फारच कमी पितो.

पुतळा चौथऱ्यावर सिमेंटने पक्का बसवलेला असेल तर तो उखडण्याच्या भानगडीत पडू नका. तिथे चौथऱ्याभोवती चर काढून, खडी भरून, पाण्याला दुसरीकडे उतार द्या.

तपासणी ८: मग रंग

पाण्याची वाट बंद झाली आणि प्लास्टिकच्या चाचणीत थेंब येईनासे झाले, की रंगाकडे वळा. देशावर हे सहसा जानेवारी-फेब्रुवारीत होतं, कोकणात आणखी उशिरा. नवा पुतळा असेल तर ओतल्यापासून निदान २८ दिवस जाऊ द्या.

जुना सुटलेला रंग पूर्ण काढा. तारेच्या ब्रशने आणि पत्र्याने निघतो तेवढा. जो घट्ट धरून आहे तो पॉलिश पेपरने नुसता खरबरीत करा. पण जुना ऑइल पेंट सगळीकडे असेल तर तो सगळाच काढायला हवा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून मास्क लावा, धूळ लहान मुलांपासून लांब ठेवा आणि खाली कागद अंथरा, तो चुरा वाफ्यात जाऊ देऊ नका.

खड्डे भरायला रंगारी लांबी, म्हणजे खड्डे बुजवायचा त्याचा नेहमीचा लगदा, काढेल. त्याला नाही म्हणा. ती खोलीतल्या भिंतींसाठी ठीक, बाहेर पाणी पिऊन फुगते. व्हाइट सिमेंटची पुट्टी किंवा बारीक वाळू-सिमेंटमध्ये एसबीआर लेटेक्स (सिमेंटला चिकटपणा देणारं दुधासारखं द्रव) घालून भरा. त्यावर अल्क सोसणारा प्रायमर एक हात, आणि बाहेरच्या भिंतींसाठी येतो तो ॲक्रिलिक इमल्शन दोन हात. दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलेला वेळ खरोखर पाळा.

चमक हवी म्हणून शेवटी लॅकर किंवा व्हार्निश मारतात, तो मोह टाळा. तो थर ओल आत कोंडतो आणि आपण पुन्हा पहिल्या लक्षणाशी येतो. पाण्यापासून संरक्षण हवंच असेल तर न रंगवलेल्या सिमेंटला सिलेन-सिलोक्सेन प्रकारचं वॉटर रिपेलंट लावा. ते छिद्रांच्या आत जाऊन बसतं, वर कातडी धरत नाही, त्यामुळे आतली वाफ बाहेर पडू शकते. माझं मत विचाराल तर न रंगवलेला राखाडी पुतळा, थोडं शेवाळ धरलेला, हिरवाईत जास्त शोभतो. कोल्हापूरजवळ कणेरी मठावरचं सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय पाहून आलेल्यांना तसे जिवंत रंगातले पुतळे आपल्या दारात हवे असतात, पण तिथे त्यांची देखभाल करणारी माणसं आहेत.

तपासणी ९: तांबूस ओघळ आणि सरळ चीर

हा रंगाचा नव्हे, लोखंडाचा आजार आहे आणि त्याला रंगाने झाकणं सगळ्यात वाईट.

उदाहरण म्हणून बगळा घ्या, कारण सर्वात आधी मोडतात ते बगळ्याचे पाय. आत सहा-आठ मिलिमीटरची सळई किंवा नुसती तार, आणि सिमेंट धरून सगळा पाय बोटभर जाडीचा. म्हणजे लोखंडावर सिमेंटचं आवरण जेमतेम सात-आठ मिलिमीटर. इमारतींच्या काँक्रीटसाठी आयएस ४५६ : २००० हे भारतीय मानक साध्या परिस्थितीतही २० मिलिमीटर आवरण मागतं, आणि समुद्रकाठच्या उघड्या काँक्रीटला ४५. ताज्या सिमेंटचा अल्कधर्म लोखंडाला गंजण्यापासून वाचवतो. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरून तो कमी करतो, सामू नऊच्या आसपास आला की संरक्षण संपतं. पातळ पायात हे काही वर्षांतच होतं. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा घेतो, आणि आतून फुगून सिमेंट फाडतो. रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ला, गोव्याची किनारपट्टी, इथे खाऱ्या हवेतलं क्लोराइड हे काम आणखी लवकर करतं.

तपासायचं असं: चिरेजवळ पातळ पटाशीने थोडं सिमेंट काढा. सळई वरवर तांबूस पण भरीव असेल तर दुरुस्ती घरी होते. गंज लागलेला सगळा भाग उघडा करा, सळईच्या मागूनही, चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा, झिंकचा गंजरोधक प्रायमर लावा, वाळला की लेटेक्स घातलेल्या सिमेंटची पातळ पेस्ट फासा आणि ती ओली असतानाच त्याच मिश्रणाने पाय पुन्हा घडवा. तीन दिवस ओलं फडकं गुंडाळून ठेवा. सळई पापुद्रे पडून अर्ध्यावर आली असेल, हाताने वाकत असेल, तर ती बदलावीच लागते. नवी स्टेनलेस स्टीलची घाला, किनाऱ्यावर ३१६ ग्रेडची. पुतळा नवा बनवून घेत असाल तर कारागिराला हे आधीच सांगा. किमतीत फरक पडतो तो पायांपुरत्याच सळईचा.

तपासणी १०: कलणारा पुतळा

काळ्या मातीत हे होणारच. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि पुतळ्याच्या एका बाजूला झाड किंवा नळ असेल तर दोन बाजूंची ओल सारखी नसते. ओळंबा लावून मे महिन्यात एकदा आणि ऑगस्टमध्ये एकदा मोजा. फरक पडत असेल तर माती हलतेय.

छोट्या पुतळ्यासाठी दीड-दोन फूट खोल काळी माती काढून मुरूम भरा, सहा-सहा इंचांच्या थरात, प्रत्येक थर पाणी मारून धुम्मसाने ठोकून. वर काँक्रीटची पट्टी, चारी बाजूंना पुतळ्याच्या बैठकीपेक्षा वीतभर मोठी. जांभ्याच्या कोकणी जमिनीत ही अडचण सहसा येत नाही. तिथे कलण्याचं कारण बहुधा नारळ-फणसाचं मूळ किंवा पाण्याने धुपलेली माती असते.

कुठे थांबायचं

पुतळा माणसाच्या उंचीपेक्षा मोठा असून कलत असेल, तर भोवती दोरी बांधून मुलांना लांब ठेवा आणि स्थापत्य अभियंत्याला बोलवा. काळ्या मातीची हालचाल खोलवर असते. घरांसाठी तिथे साधारण साडेतीन मीटर खोलीचे पाइल, म्हणजे जमिनीत ओतलेले काँक्रीटचे खांब, घेतात. दोन फूट मुरूम मोठ्या पुतळ्याला पुरणार नाही.

मान, कंबर किंवा दोन्ही पाय यांत आरपार चीर असेल, नाण्याने वाजवल्यावर अर्ध्याहून अधिक पुतळा भद्द वाजत असेल, किंवा सळई जागोजागी फुगली असेल, तर शिल्पकाराकडे न्या. गवंडी भोक बुजवेल, पण चेहरा आणि बोटं परत घडवणं त्याचं काम नाही. पुतळा स्वस्तातला असेल तर दुरुस्तीपेक्षा नवा परवडेल, हेही तो स्पष्ट सांगेल.

कारंज्याचा पुतळा असेल आणि पाण्याला, नळाला किंवा पुतळ्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर काही तपासू नका. मेन स्विच बंद करा आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलवा. पंपाची वायर आणि अर्थिंग तपासून झाल्याशिवाय आणि त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) बसल्याशिवाय पंप पुन्हा चालू करू नका.

जुना देवाचा पुतळा, वीरगळ, सतीशिळा किंवा कोरीव दगड बागेत खोदताना सापडून तिथेच मांडलेला असेल, तर त्याला ना ब्रश, ना रंग, ना सिमेंट. जागच्या जागी ठेवा आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवा.

बाकी सगळ्यांसाठी, कोणालाही बोलावलंत तरी तपासणी १ चे फोटो आणि प्लास्टिकच्या चाचणीचा निकाल त्याच्या हातात द्या. पाणी खालून येतंय की वरून, हे आधीच ठाऊक असलं की तो पहिल्याच दिवशी रंगाचा डबा उघडायला घेणार नाही.